फरशीखालून येणारी वाफ : आपल्या घराचा धोका आपणच कसा ओळखायचा?



बोअरचे पाणी खराब निघाले तर आपण काय करतो? ते पीत नाही. पिण्यासाठी नळाचे पाणी वेगळे भरून ठेवतो आणि बोअरचे पाणी भांडी, कपडे, आंघोळ आणि कूलर यांना वापरतो. कोणी विचारले तर म्हणतो, "पीत थोडीच आहो, काय होते?"

आजचा लेख याच एका वाक्यासाठी आहे. काही रसायने अशी असतात की पाणी पोटात गेले नाही तरी ती नाकावाटे शरीरात जातात. कधी तर त्या पाण्याला हात लावायचीही गरज नसते. जमिनीखालच्या पाण्यात मिसळलेल्या रसायनाची वाफ मातीतून वर चढते, फरशीच्या भेगेतून घरात येते आणि आपण रात्रभर तिचा श्वास घेतो. माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, पण हवा मात्र दहा हजार लिटरहून जास्त आत घेतो. म्हणून हवेतले थोडेसे विषही वर्षानुवर्षे साचत गेले तर थोडे राहत नाही.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आपल्या वस्तीत असा धोका आहे की नाही, हे वही-पेन घेऊन कसे तपासायचे, तेवढे शिकून घेऊ.

माझी एक चूक

मी नर्स म्हणून नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. अकोल्यातल्या एका वस्तीतली एक ताई दर हिवाळ्यात ओपीडीला यायची. सकाळी उठल्यावर डोके जड, मळमळ, डोळ्यांची आग. रक्तदाब ठीक, ताप नाही. डॉक्टर गोळी लिहून द्यायचे, मी पुडी बांधून द्यायची. एकदा ती म्हणाली, "सिस्टर, माहेरी गेली का डोकं दुखत नाही. इथं आली का दोन दिवसांत पुन्हा सुरू." मी हसून म्हटले, "सासरी सगळ्यांचंच डोकं दुखते, बाई." खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. तीही हसली आणि गोळ्या घेऊन गेली.

तिने मला रोगाचे कारण सांगितले होते, आणि मी त्याचा विनोद केला.

पुढे नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करू लागले, तेव्हा तिच्या घरी गेले. घराच्या मागच्या भिंतीला लागून गाड्या दुरुस्त करण्याची जुनी जागा होती. तिथे जमिनीत डिझेलची टाकी पुरलेली होती. शेजारच्या बोअरच्या पाण्याला घासलेटसारखा वास येत होता आणि बादलीत इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसत होता. वस्तीने अर्ज केला, पाण्याची तपासणी झाली. अहवालात क्षार, कठीणपणा आणि जंतू एवढेच तपासलेले होते. डिझेल कोणी शोधलेच नाही, म्हणून सापडलेही नाही. काही महिन्यांनी ती जागा विकली गेली, टाकी उकरून नेली आणि पुरावाही गेला. त्या ताईला किती वर्षे त्रास झाला याची नोंद कुठेच नव्हती. ती नोंद करायला हवी होती ती मी.

म्हणून पुढचे सगळे नीट वाचा, आणि जमले तर विहारात मोठ्याने वाचून दाखवा.

कशाची वाफ होते, कशाची होत नाही

आपल्याकडे खराब पाणी म्हटले की आधी खारपाणपट्टा आठवतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. तो प्रश्न मोठा आहेच, पण तो वाफेचा प्रश्न नाही. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट यांची वाफ होत नाही. पाणी उडून जाते आणि ते भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन राहतात. ते शरीरात जातात ते पिण्यातून आणि स्वयंपाकातून.

वाफ होऊन घरात शिरतात ती रसायने वेगळी. ती मुख्यतः दोन कुळांतली.

पहिले कूळ पेट्रोल-डिझेलचे. त्यात बेन्झीन, टोल्यूइन, झायलीन ही द्रव्ये असतात. यातले बेन्झीन सर्वांत वाईट. ते हाडांच्या आतल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होते तिथेच घाव घालते. दीर्घकाळ संपर्क राहिला तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हवेतल्या बेन्झीनची अमुक मात्रा सुरक्षित, असे म्हणता येत नाही. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा-मानकांत बेन्झीनची वार्षिक सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

दुसरे कूळ कारखान्यात आणि ड्रायक्लीनिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या द्रावणांचे. यंत्राच्या भागांवरचे ग्रीस धुण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात, कपड्यांसाठी परक्लोरोइथिलीन. यांपैकी ट्रायक्लोरोइथिलीनमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. ही द्रावणे जमिनीखाली कुजत जातात तेव्हा त्यांपासून व्हिनाइल क्लोराइड तयार होते. तेही कर्करोग करणारेच आहे.

दोन्ही कुळांत फरक आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, आणि मातीत मोकळी हवा असेल तर मातीतले सूक्ष्मजीव त्याची बरीचशी वाफ वाटेतच खाऊन टाकतात. कारखान्याची द्रावणे पाण्यापेक्षा जड असतात, खाली बुडतात आणि दशके तशीच राहतात. कारखाना बंद होऊन वीस वर्षे झाली म्हणजे धोका संपला, असे म्हणून चालत नाही.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे : गटार, सेप्टिक टँक आणि कचरा डेपोतला गॅस. त्यात हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याचा वास) आणि मिथेन (जळणारा, वास नसलेला) असतात. तो पाण्यातून नसून घाणीतून येतो, पण घरात शिरण्याची वाट तीच. अमरावतीचा सुकळीचा डेपो असो की अकोल्याचा नायगावचा, अशा जागांच्या जवळ राहणाऱ्यांनीही हा लेख आपल्यासाठीच समजावा.

तीन कड्यांची साखळी

तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारण असेल तर परिणाम होतो, कारण काढले तर परिणाम थांबतो. रोगाला नशीब, करणी, बाहेरची बाधा असे म्हणायचे नाही. धोका मोजण्याचे शास्त्रही याच पायावर उभे आहे. त्यात तीन कड्या असतात :

१. उगम – विष कुठे आहे?
२. वाट – ते घरात कसे येते?
३. माणूस – श्वास कोण घेते, किती वेळ घेते?

तिन्ही कड्या जुळल्या तरच धोका. एक कडी तुटली तर धोका तुटतो. उगम काढणे सरकारचे आणि प्रदूषण करणाऱ्याचे काम आहे, त्याला वेळ लागतो. पण वाट बंद करणे आणि माणसाला वाचवणे आजपासून आपल्या हातात आहे.

आपल्या वऱ्हाडातली वाट

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाता-हाताच्या भेगा पाडते. त्या भेगा म्हणजे वाफेसाठी तयार नळ्या. पावसाळ्यात उलटे होते : बाहेरची माती ओली होऊन बंद होते, पण घराच्या खालची माती कोरडी राहते, म्हणून वाफ घराकडे वळते. शिवाय पावसात पाण्याची पातळी वर येते आणि तिच्यावर तरंगणारे पेट्रोल-डिझेलही फरशीच्या जवळ येते.

हिवाळ्यात आपण दारे-खिडक्या बंद करतो, आत चूल किंवा शेगडी पेटवतो. गरम हवा वर जाऊन टिनांच्या फटीतून बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालून, जमिनीतून हवा ओढली जाते. आपले घरच विळीसारखे नव्हे, हापशीसारखे काम करते : वर हवा सोडते, खालून ओढते. त्या ताईचे डोके हिवाळ्यात सकाळीच का दुखायचे, ते आता कळले असेल.

एक्झॉस्ट पंख्याचेही तसेच. दारे-खिडक्या बंद ठेवून नुसता एक्झॉस्ट चालवला तर तो फरशीतून हवा ओढतो. म्हणून एक्झॉस्ट चालू असताना एक खिडकी उघडी हवीच.

आणि उन्हाळ्यातला कूलर! मार्च ते जून आपल्याकडे कूलरशिवाय झोप नाही. त्यात टाकतो ते बोअरचे पाणी. कूलर काय करतो? पाणी गवतावरून खाली सोडतो आणि त्यातून वारा काढतो. पाण्यातले उडणारे रसायन हवेत काढायचे असेल तर कारखान्यातही याच पद्धतीचे यंत्र वापरतात. म्हणजे पाण्यात पेट्रोल-द्रावण असेल तर आपणच ते लेकराच्या तोंडावर सोडतो. बंद न्हाणीत त्याच पाण्याने गरम आंघोळ केली तरी तेच होते. आणि असे पाणी उकळून शुद्ध होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण ही रसायने स्वयंपाकघरात पसरतात.

फरशीचा विचार करा. शेणाने सारवलेली जमीन वाळली की तिला बारीक भेगा पडतात. शहाबादी फरशीचे सांधे उघडे असतात. नळाचा पाइप जिथे जमिनीतून वर येतो तिथे बोटभर फट असते. मोरीच्या जाळीखाली पाणी अडून राहणारा ट्रॅप नसेल किंवा तो कोरडा पडला असेल तर नालीचा गॅस सरळ घरात येतो. याच वाफेच्या वाटा.

इतरत्र काय घडले

भोपाळची गॅस दुर्घटना, २–३ डिसेंबर १९८४ ची रात्र, सर्वांना माहीत आहे. तिथली दुसरी दुर्घटना जमिनीखाली घडली. कारखान्याने आपला रासायनिक कचरा आवारातल्या खड्ड्यांत आणि बाहेरच्या तळ्यांत टाकला होता. तो झिरपून शेजारच्या वस्त्यांच्या हापशांत उतरला. त्या पाण्यात क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइडसारखी, म्हणजे हवेत उडणारी रसायनेही सापडली. तिथल्या मातीचा आणि पाण्याचा अभ्यास आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनेही केला. वस्तीतल्या बाया वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिल्या, तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला. साठवून ठेवलेला कचरा २०२५ मध्ये पिथमपूरला नेऊन जाळला गेला. जमिनीत मुरलेले मात्र तसेच नेऊन जाळता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरजवळ वालधुनी नदीत रसायन सोडले गेले. ते पाणी कोणी प्यायले नव्हते. तरी वाफेने काठच्या वस्तीतले शेकडो लोक आजारी पडले. कोणाला श्वास घेता येईना, कोणाला उलट्या.

अमेरिकेत नायगारा शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीची गोष्ट तर आपल्या बायांनी पाठच करावी. जुन्या कालव्यात एका कंपनीने सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली, आणि पुढे त्यावर शाळा आणि घरे झाली. घरांच्या तळघरांत रसायनांची वाफ येऊ लागली. लुईस गिब्ज नावाच्या एका गृहिणीने १९७८ मध्ये दारोदार फिरून विचारणा सुरू केली. कोणत्या घरात गर्भपात, कोणत्या घरात लेकरू आजारी, हे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी नकाशावर मांडले. अधिकाऱ्यांनी ही बायकांची माहिती म्हणून उडवून लावली. पण आजारपण जुन्या ओहोळांच्या रेषेवर सापडत होते. त्याच वर्षी पहिल्या २३९ कुटुंबांना तिथून हलवले गेले, १९८० मध्ये बाकीच्यांनाही निघण्याचा मार्ग मिळाला, आणि दूषित जागा साफ करण्याचा देशव्यापी कायदा झाला. सुरुवात कशाने झाली? एका बाईच्या वहीने.

वस्तीची तपासणी : दहा प्रश्न

रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसा. वस्तीचा साधा नकाशा काढा : घरे, विहिरी, बोअर, नाल्या, विहार, शाळा. मग हे प्रश्न विचारा आणि प्रत्येक घराची नोंद करा.

१. शंभर फुटांच्या आत पेट्रोल पंप, डिझेलची टाकी, गॅरेज, वॉशिंग सेंटर, ड्रायक्लीनिंग, रंग-थिनरचे दुकान, कारखाना, भंगाराची जागा किंवा कचरा डेपो आहे का? (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शनात दूषित भूजलापासून साधारण शंभर फुटांपर्यंतची घरे तपासायला सांगितली आहेत. आपण तेच माप धरू.)
२. पूर्वी तिथे असे काही होते का? हे म्हाताऱ्यांना विचारा. त्यांची आठवण हाच आपला दस्तऐवज.
३. कोणत्या विहिरीला किंवा बोअरला घासलेट, पेट्रोल, रंग किंवा औषधासारखा वास येतो? पाण्यावर तवंग दिसतो?
४. पाणी किती खोल आहे? पावसाळ्यात किती वर येते?
५. घरात जमिनीजवळ, मोरीजवळ, बंद खोलीत वास येतो का? कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी?
६. फरशी कशी आहे? भेगा, उघडे सांधे, पाइपाजवळची फट?
७. खिडक्या किती, उघडतात किती?
८. बोअरचे पाणी कूलर, न्हाणी, स्वयंपाक यांपैकी कशाला वापरता?
९. घरात सर्वांत जास्त तास कोण असते? गरोदर बाई, बाळ, आजी, अंथरुणाला खिळलेले कोणी आहे?
१०. कोणाला कसला त्रास होतो? घर सोडून दोन-चार दिवस बाहेर गेल्यावर कमी होतो का?

दहावा प्रश्न विसरू नका. माझी चूक तिथेच झाली होती. आणि नववा प्रश्न बायांसाठी महत्त्वाचा : पुरुष कामावर जातो, त्याला दहा तास वाफ लागते, घरात विड्या वळणारी, शिवणकाम करणारी बाई आणि तिचे लेकरू वीस तास तीच हवा घेते.

उत्तरे आली की घरांवर तीन रंगांच्या खुणा करा. उगम जवळ आहे, आणि वास, तवंग किंवा घर सोडल्यावर कमी होणारा त्रास आहे – लाल. उगम जवळ आहे पण काही जाणवत नाही – पिवळा. उगमच नाही – हिरवा. पिवळ्यालाही तपासणी हवी, कारण वास न येण्याइतक्या मात्रेतही ही रसायने अपाय करू शकतात. नाकावर विसंबून राहू नका.

आधी घरातली कारणे काढा

तपासून पाहिल्याशिवाय मानायचे नाही, ही आपली शिकवण. म्हणून जमिनीला दोष देण्याआधी घरात पाहा. मच्छर अगरबत्ती, घासलेट, थिनर, नवा रंग, घरात ठेवलेली पेट्रोलची बाटली, गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचे कपडे – हे आधी आठ दिवस बाहेर काढा. बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर रात्रभर कधीच ठेवू नका. तिचा कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो, सकाळचे डोके त्यानेही दुखते आणि झोपेतच जीवही जातो. एवढे करूनही त्रास राहिला तर जमिनीकडे वळा.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोळे-घशाची आग ही लक्षणे शंभर आजारांत असतात. एका माणसावरून निष्कर्ष काढू नका, पण एकाच ओळीतल्या पाच घरांत तीच लक्षणे असतील तर गप्पही बसू नका. सतत थकवा, फिकटपणा, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त असे असेल तर डॉक्टरांना दाखवून रक्ताची साधी पूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, करून घ्या. राहण्याची जागा आणि शेजारी काय आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

आजच करण्याची कामे

• संशयित पाणी कूलर, आंघोळ आणि स्वयंपाक, तिन्हींतून बंद करा.
• फरशीच्या भेगा, भिंत-फरशीचा सांधा आणि पाइपाजवळची फट सिमेंटने भरा. खर्च थोडा, उपयोग मोठा.
• मोरीला पाणी अडवणारा ट्रॅप बसवा. वापर नसेल तर रोज तांब्याभर पाणी ओता.
• हिवाळ्यातही सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारे-खिडक्या उघडा. झोपताना एक खिडकी थोडी उघडी ठेवा.
• बाळ आणि गरोदर बाईला सर्वांत मोकळ्या खोलीत, खाटेवर झोपवा.

रमाई आवास योजनेत घरकुल बांधत असाल आणि जागा लाल किंवा पिवळी असेल, तर कोबा टाकण्याआधी मिस्त्रीला सांगा : खाली सहा इंच मोठी गिट्टी, तिच्यात छिद्रे पाडलेला तीन-चार इंची पीव्हीसी पाइप, त्याचे टोक भिंतीलगत छतावर काढायचे, आणि गिट्टीवर जाड प्लॅस्टिकचा कागद. खालची वाफ पाइपाने बाहेर जाते. नंतर फरशी फोडण्यापेक्षा हे फार स्वस्त पडते.

हे मात्र धोक्याचे

घरात किंवा नालीतून पेट्रोलचा तीव्र वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, काडी पेटवू नका, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेरून १०१ किंवा ११२ ला फोन करा. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात गटारात पेट्रोल झिरपत होते. लोक काही दिवस वासाची तक्रार करत होते. २२ एप्रिल १९९२ ला गटारे फुटली आणि दोनशेहून जास्त माणसे गेली.

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. पेट्रोलचा वास असलेल्या विहिरीत कंदील सोडला तर स्फोट होईल. वास नसला तरी कंदील जळत राहिला म्हणजे विषारी गॅस नाही, असे होत नाही. विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणी बेशुद्ध पडला तर त्याला काढायला मागोमाग उतरू नका. एकामागून एक माणसे अशीच जातात. आणि आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे : २०१३ च्या कायद्याने माणसाला साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा आहे. कोणी पैसे दाखवले तरी उतरायचे नाही.

अर्ज कसा करायचा

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात (अमरावती आणि अकोला दोन्हीकडे आहे), त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीला द्या. नकाशा आणि वहीची प्रत जोडा. पोच घ्या.

मागणीत नेमके लिहा : "पाण्यात बेन्झीन, टोल्यूइन, झायलीन आणि हवेत उडणारी क्लोरीनयुक्त द्रावणे तपासावीत. ती आढळल्यास फरशीखालची आणि घरातली हवाही तपासावी, त्यातली एक तपासणी हिवाळ्यात, दारे बंद असताना करावी." नुसते "पाणी तपासा" लिहिले तर क्षार आणि जंतू तपासून "पिण्यायोग्य" असे उत्तर येऊ शकते. नमुना घेताना हजर राहा. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता घ्यायचा असतो आणि थंड ठेवून लवकर पोचवायचा असतो. बाटली अर्धी भरली तर वाफ उडून जाते आणि अहवाल चांगला येतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांबाबत नवे नियम काढले. त्यांनुसार लोकांच्या तक्रारीवरून स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन एखादी जागा संशयित म्हणून नोंदवू शकते, आणि मग मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची असते. साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घेण्याची तरतूद आहे. कचरा डेपो मात्र या नियमांत येत नाही, त्यासाठी घनकचऱ्याचे नियम दाखवा. नवा पेट्रोल पंप होत असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे निवासी भाग, शाळा आणि दवाखान्यापासून ५० मीटर अंतर हवे, आणि कोणत्याही अडचणीत ते ३० मीटरहून कमी चालत नाही.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुणे खंडपीठ आहे. तिथे वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते, म्हणून तारखा लिहून ठेवा. वकिलाच्या पैशाची चिंता नको : १९८७ च्या कायद्याने सर्व स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वही उघडा

आपल्या वस्त्या नालीकाठी, डेपोजवळ, कारखान्याच्या भिंतीला लागून का आहेत, हे वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. आज नळ आपल्या दारात आला आहे, पण दाराखालच्या जमिनीत काय आहे हे विचारण्याचा हक्कही त्याच हक्काचा भाग आहे.

या रविवारी दोन बाया आणि दोन शिकलेली पोरे एवढेच पुरे. एक वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला आणि शेजारच्या दारापासून सुरुवात करा. आणि एखादी माय म्हणाली की माहेरी गेल्यावर माझे डोके दुखत नाही, तर हसू नका. लिहून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!